कोकणातील घरात कोळ्यांना अटकाव: आधी झाडणी, मग पुदिन्याचे तेल

आमचे घर दापोली तालुक्यात, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीला लागून न्हाणीघर आणि परसात नारळी-पोफळी. असे घर ज्यांचे आहे त्यांना कोळी आणि कोळिष्टके यांविषयी वेगळे सांगावे लागत नाही. सकाळी देवघराच्या कोनाड्यात हात घालावा तर बोटांना चिकट धागा लागतो, पावसात दोन दिवस बंद राहिलेल्या खोलीचे दार उघडावे तर जाळे थेट तोंडावर येते, आणि रात्री न्हाणीघरात दिवा लावला की भिंतीवर तळहाताएवढा कोळी निश्चल बसलेला दिसतो. घरात कोळ्याची मनापासून भीती वाटणारे कोणी असेल, तर ही गोष्ट किरकोळ राहत नाही. माझ्या आईला ही भीती आयुष्यभर होती. तिला दम्याचा त्रास असल्यामुळे तिच्या खोलीत विकतचे कीटकनाशक फवारणे शक्य नव्हते, आणि या अडचणीतूनच मी घरगुती उपायांकडे वळले.

पुष्कळ वर्षे हे उपाय करून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, वासाचे उपाय सगळेच खोटे नाहीत, पण ते बहुतेक वेळा अवेळी केले जातात. न झाडलेल्या, फटी उघड्या राहिलेल्या आणि ओटीवर रात्रभर दिवा जळणाऱ्या घरात पुदिन्याच्या तेलाची अख्खी बाटली रिती केली तरी फरक पडत नाही. झाडलेल्या आणि फटी बुजवलेल्या घरात तेच तेल महिन्याला चमचाभर पुरते. म्हणून येथे कामांचा क्रमही तोच ठेवला आहे, आणि वाचकांनी तो मोडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरातले कोळी ओळखणे

कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, मिश्या नसतात, आणि भोवतालचा कंप, चव, वास हे सारे तो मुख्यतः पायांवरच्या आणि तोंडाजवळच्या केसांनी जाणतो. जुनी माणसे त्याला कांतीण म्हणतात, कारण ती सूत कातते. पण घरात दिसणारा प्रत्येक कोळी जाळे विणतोच असे नाही, आणि उपाय ठरवताना हा भेद फार उपयोगी पडतो.

छताच्या कोपऱ्यात, वाशांच्या सांध्यात आणि कपाटामागे विस्कळीत, विरळ जाळे करून उलटा लटकणारा, केसासारख्या लांब बारीक पायांचा कोळी सर्वांत जास्त संख्येने आढळतो. त्याला धक्का लागला की तो जाळ्यासकट इतक्या वेगाने थरथरतो की डोळ्यांना नीट दिसेनासा होतो. त्याची मादी अंड्यांचा लहानसा पुंजका तोंडात धरून फिरते, त्यामुळे नुसते जाळे काढून ती निसटली तर तिच्याबरोबर पुढची पिढीही निसटते. घरातील जळमटांपैकी बहुतेक जळमटे याच कोळ्याची सोडून दिलेली जाळी असतात. त्यांवर चुलीचा धूर आणि धूळ बसली की ती काळी होऊन लोंबू लागतात.

दुसरा म्हणजे न्हाणीघरातला तो मोठा, चपटा, तपकिरी कोळी. हा भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाही. दिवसा दाराच्या चौकटीमागे किंवा टांगलेल्या तसबिरीमागे दडून राहतो आणि रात्री झुरळांच्या मागावर निघतो. मादी पोटाखाली चपट्या गोल चकतीसारखी अंड्यांची थैली घेऊन हिंडते. त्याच्या आकारामुळे आणि वेगामुळे तो घाबरवतो, पण माणसापासून दूर पळण्याकडेच त्याचा कल असतो. तो रोज दिसू लागला, तर घरात झुरळे वाढली आहेत असे खुशाल समजावे आणि आधी त्यांचा बंदोबस्त करावा.

तिसरा लहानसा, दिवसा खिडकीच्या गजांवर टुणटुण उड्या मारत माश्या आणि डास टिपणारा. याला मी घरातून कधी काढत नाही, आणि कोणी काढू नये असेच मला वाटते.

कौलारू घर डब्यासारखे बंद करता येत नाही. कौलांच्या मधून वारा खेळतो म्हणूनच ते वैशाखातही सुसह्य राहते, आणि जिथून वारा येतो तिथून कोळीही येतो. तेव्हा माळ्यावरचा शेवटचा कोळी हटवण्याचा अट्टाहास न धरता निजायची खोली, स्वयंपाकघर, देवघर आणि न्हाणीघर एवढ्या जागा मोकळ्या ठेवणे हे ध्येय समोर ठेवावे. ते साधते.

झाडणी

झाडणीचा पहिला मोठा हात आगोटीच्या कामांबरोबर, म्हणजे मे महिन्याच्या उत्तरार्धात, मृग लागण्यापूर्वी फिरवावा. कौले परतून झाली की लगेच हे काम घ्यावे. आधी घेतले तर कौलांवरून पडणाऱ्या मातीने सगळे पुन्हा करावे लागते. लांब बांबूच्या टोकाला माडाच्या हिरांचा झाडू घट्ट बांधावा आणि त्यावर जुन्या सुती पंचाचा तुकडा ओला करून, पिळून गुंडाळावा. कोरड्या झाडूने जाळे तुटते आणि त्याचे धागे भिंतीला चिकटून राहतात; दमट कापडावर ते गुंडाळले जाते आणि धूळही खाली उडत नाही. नाकातोंडावर रुमाल आणि डोळ्यांवर चष्मा असावा. आढ्यापासून सुरुवात करून वासे, रिपा, मग भिंतीचा माथा, तसबिरींच्या मागची बाजू, दारांच्या चौकटी आणि शेवटी कपाटाखालची जमीन, असे वरून खाली यावे. बाहेरची वळचण विसरू नये, कारण घरात शिरणारे पुष्कळसे कोळी आधी तिथेच मुक्काम करतात.

जाळ्याबरोबर अंड्यांच्या थैल्याही शोधाव्यात. मळकट पांढऱ्या कापसाच्या बारीक गोळीसारख्या त्या चौकटीच्या कोपऱ्यात, खुर्चीच्या बैठकीखाली, शिवणयंत्राच्या पेटीखाली चिकटवलेल्या असतात. एका थैलीत पुष्कळ अंडी असतात, त्यामुळे एक थैली खरवडून काढणे हे दहा जाळी काढण्याहून मोलाचे आहे. बोथट सुरीने ती सुटी करावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. केरात टाकली तर पिल्ले तिथून बाहेर येतात.

त्यानंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, फक्त राहत्या खोल्यांतून काठी फिरवावी. जाळे विणण्यात कोळ्याची बरीच शक्ती खर्च होते, आणि ते एकाच जागी पुनःपुन्हा मोडले गेले की तो जागा बदलतो. आमच्याकडे हा वार शनिवार आहे. सलग पाच-सहा आठवडे नेम न चुकवल्यास स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत जाळी येणे जवळजवळ थांबते, हे मी दरवर्षी पाहते. गणपतीपूर्वी एकदा आणि पाऊस सरल्यावर नवरात्राच्या सुमारास एकदा, असे आणखी दोन मोठे हात पुरेत.

फटी, दिवे आणि अडगळ

चिऱ्याच्या भिंतीत जुन्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले भरलेले सांधे, झिजून खोल खाचा पडतात, आणि त्या खाचा कोळ्यांच्या दृष्टीने तयार घरे असतात. उन्हाळ्यात या दर्जा चुना-वाळूने किंवा सिमेंटने भरून घ्याव्यात. संपूर्ण भिंत एका वर्षी जमत नसेल तर निजायच्या खोलीपासून सुरुवात करावी. दाराच्या खालची फट रबरी पट्टीने किंवा जुन्या साडीच्या गुंडाळीने बंद करता येते. विजेच्या तारा, पाण्याचा नळ, न्हाणीघराचे सांडपाणी ज्या भोकांतून बाहेर जाते, ती भोके बहुधा गरजेपेक्षा मोठी ठेवलेली असतात. तीही बुजवावीत, आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. खिडक्यांसाठी जाळी घेताना लोखंडी तारेची घेऊ नये. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ती दोन-तीन पावसाळ्यांत गंजते आणि तिला भोके पडतात. नायलॉनची किंवा फायबरची जाळी स्वस्त पडते आणि टिकते.

दिव्याचा मुद्दा मला फार उशिरा उमगला. कोळी दिव्याकडे येत नाही, तो दिव्याकडे येणाऱ्या किड्यांकडे येतो. पहिला पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी थव्याने दिव्यावर झेपावते, आणि ज्या ओटीवर पांढरा लख्ख दिवा जळत असतो तिथल्या वळचणीत पुढच्या आठवडाभरात जाळ्यांची रांग लागते. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे अधिक येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. तेव्हा ओटी आणि पडवीवर पिवळ्या प्रकाशाचे कमी क्षमतेचे दिवे लावावेत, ते दारापासून थोडे दूर असावेत, आणि निजानीज झाल्यावर बंद करावेत. या एका बदलाने आमच्या ओटीवरची जाळी जितकी कमी झाली, तितकी कोणत्याही फवाऱ्याने झाली नव्हती.

अडगळीबद्दल थोडक्यात. पावसासाठी साठवलेला लाकूडफाटा, नारळाची सोडणे, म्हणजे वरच्या तंतुमय साली, माडाची सुकी चुडते, म्हणजे झावळ्या, आणि गोवऱ्या हे सगळे भिंतीला टेकवून रचू नये. मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, किंवा भिंतीपासून हातभर अंतरावर, जमिनीपासून उचलून रचावे. घरातले पुठ्ठ्याचे खोके झाकणाच्या डब्यांत बदलावेत. पावसात घरात दोरीवर वाळणारे कपडे आणि ओटीवर काढून ठेवलेल्या चपला-बूट वापरण्यापूर्वी झटकण्याची सवय लावून घ्यावी.

आईच्या खोलीत मी एवढेच केले होते: दर्जा भरल्या, दाराला पट्टी लावली, खाटेखालचे खोके हलवले आणि शनिवारची झाडणी चुकवली नाही. तिथे कोणताही वास वापरला नाही, कारण उग्र तेलांच्या वासानेसुद्धा दमेकऱ्यांना धाप लागू शकते. तरीही ती खोली घरातली सर्वांत निर्धोक झाली.

वासाचे उपाय: कोणते धरावेत, कोणते सोडावेत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरगुती उपायांच्या याद्यांमध्ये लिंबू नेहमी पहिले असते. लिंबाच्या साली खिडकीत ठेवाव्यात, लिंबाचा रस फवारावा, असे सर्रास सांगितले जाते. 2018 साली ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक एंटोमॉलॉजी’ या शास्त्रीय नियतकालिकात अशा समजुतींची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन जातींच्या कोळ्यांना वास लावलेली आणि न लावलेली अशा दोन जागांपैकी एक निवडू दिली गेली. लिंबाच्या तेलाने कोणत्याही जातीला अटकाव झाला नाही. पुदिन्याच्या, म्हणजे पेपरमिंटच्या, तेलाने आणि चेस्टनट या फळाने तीनपैकी दोन जाती स्पष्टपणे दूर राहिल्या. माझा अनुभवही याला धरूनच आहे. पावसात खिडकीत ठेवलेल्या लिंबाच्या सालींना तिसऱ्या दिवशी बुरशी आली, त्यांवर चिलटे जमली, आणि चिलटांच्या मागोमाग कोळी आले. लिंबू सरबतासाठी ठेवावे.

चेस्टनट कोकणात पिकत नाही. काही ठिकाणी त्याचे भाषांतर शिंगाडा असे केलेले दिसते, ते बरोबर नाही. शिंगाडा ही पाण्यातली वनस्पती, चेस्टनट हे डोंगराळ थंड प्रदेशातल्या वृक्षाचे फळ. नावाच्या साम्यावरून कोपऱ्यांत शिंगाडे ठेवल्याने काही साधणार नाही. राहता राहिले पुदिन्याचे तेल. चाचणीतल्या तीन जातींत आपल्या माळ्यावरचा लांब पायांचा कोळी नव्हता, आणि एका जातीला तर या तेलाची पर्वाही नव्हती. म्हणून या तेलाकडे कुंपण म्हणून न पाहता, झाडलेल्या जागी कोळ्याने पुन्हा बस्तान बसवू नये यासाठी दिलेली मदत म्हणून पाहावे.

फवारा करण्याची माझी रीत अशी. तेल पाण्यात मिसळत नाही. नुसते तेल पाण्यात टाकून फवारले तर आधी सगळे पाणी येते आणि शेवटी तेलाचा थर येऊन भिंतीवर डाग पडतो. त्यासाठी रिठा वापरावा. सहा-सात रिठ्यांच्या बिया काढून टरफले अर्धा लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी हाताने चुरून फेस येऊ द्यावा आणि पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. या पाण्यातले चार टेबलचमचे, म्हणजे साधारण 60 मिलिलिटर, फवाऱ्याच्या बाटलीत घेऊन त्यात शुद्ध पेपरमिंट तेलाचे 25 ते 30 थेंब टाकावेत आणि बाटली चांगली हलवावी. पाणी दुधाळ झाले की मगच साधे पाणी घालून बाटली अर्ध्या लिटरपर्यंत भरावी. दर वेळी फवारण्यापूर्वी पुन्हा हलवावी. रिठ्याचे पाणी आपल्या दमट हवेत तीन-चार दिवसांत आंबते, तेव्हा एका वेळेपुरतेच मिश्रण करावे. उरलेल्या रिठ्याच्या पाण्याने चांदीची भांडी निघतात, ते फुकट जात नाही. फवारताना डोळे जपावेत, कारण रिठा डोळ्यांना फार झोंबतो.

फवारण्याच्या जागा ठरावीक असाव्यात: खिडक्यांच्या चौकटी, उंबऱ्याची आतली कड, न्हाणीघराच्या झरोक्याची कड, कपाटामागचा भिंतीचा कोपरा, मोरीजवळची भिंत. सगळ्या भिंतीवर उधळण्याने तेल वाया जाते. झाडणी झाली, फडक्याने पुसून घेतले, जागा कोरडी झाली, की मग फवारावे. तेलाचा वास उडून जाणारा असतो. उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी आणि पावसात, ओल आणि वारा यांमुळे, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा फवारणे भाग पडते. रंगवलेल्या किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर आधी न दिसणाऱ्या जागी बोटभर लावून एक दिवस वाट पाहावी.

बाटलीतले तेल तालुक्याच्या गावी मिळत नसेल, तर काष्ठौषधींच्या दुकानात पेपरमिंटचे फूल मिळते. हे मेंथॉलचे खडे असतात, आणि पेपरमिंट तेलातला मुख्य घटकही मेंथॉलच आहे. हरभऱ्याएवढा खडा दोन चमचे कोमट खोबरेल तेलात विरघळवावा, त्यात कापसाचे बोळे भिजवून ते नारळाच्या करवंटीत ठेवावेत आणि करवंट्या कपाटामागे, माळ्याच्या शिडीखाली, अडगळीच्या कोपऱ्यांत मांडाव्यात. करवंटीमुळे तेल जमिनीला किंवा लाकडाला लागत नाही. समई, निरांजन, चूल यांपासून त्या लांब असाव्यात, कारण तेलाचा कापूस चटकन पेट घेतो. बोळे दर आठवड्याला बदलावेत. चटणीच्या पुदिन्याची जुडी उकळून केलेले पाणी मात्र या कामाला पुरत नाही. बाजारातला पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा असतो, त्यात मेंथॉल थोडे असते, आणि उकळताना तेही वाफेबरोबर निघून जाते.

व्हिनेगरचा उपयोग आहे, पण तो स्वच्छतेपुरता. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन खिडकीच्या काचेवरचे आणि गुळगुळीत टाइल्सवरचे चिकट धागे छान निघतात. त्याचा वास लवकर विरतो, त्यामुळे अटकावासाठी त्यावर विसंबू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते चुन्याच्या भिंतीवर, कोटा फरशीवर, संगमरवरावर किंवा मोझेकवर कधीही वापरू नये. आम्ल चुन्याला खाते. आमच्या ओटीच्या मोझेकवर व्हिनेगर सांडून राहिल्याने पडलेला निस्तेज डाग घासूनही गेला नाही, आणि ती फरशी माझ्या आजोबांनी घातलेली असल्यामुळे त्याचे दुःख मला अजून होते.

निरगुडीचा सुका पाला धान्याच्या कणगीत आणि कपड्यांच्या पेटीत ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कडुनिंबाचा पालाही तसाच वापरतात, जरी तो वृक्ष किनारपट्टीच्या अतिपावसात घाटावरच्या इतका सहज आढळत नाही. कपड्यांना लागणाऱ्या किडीसाठी ही रीत मी आजही पाळते आणि कोळ्यांच्या भक्ष्यावर तिचा थोडाफार वचक राहतो. मात्र पाला पूर्ण सुका हवा आणि दर महिन्याला बदलायला हवा. पावसात तो दमट होऊन बुरशीने भरतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे नाही

हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. मांजर असलेल्या घरात पुदिन्याचे तेल वापरू नये. मांजराचे यकृत अशा तेलांतले घटक नीट निकामी करू शकत नाही, आणि पंजाला लागलेले तेल ते चाटते. तान्ह्या बाळाच्या खोलीत मेंथॉल आणि कापूर यांचा उग्र वास अजिबात नसावा. बाळाच्या श्वासाला त्याचा त्रास होऊ शकतो. कापराच्या वड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण थोडा कापूर पोटात गेला तरी आकडी येऊ शकते. माळ्यावर टाकल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या तर घरगुती उपायच नव्हेत. त्यांतले नॅफ्थलीन श्वासावाटे शरीरात जाते आणि काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्याने फुटतात.

तंबाखू भिजवलेले पाणी शिंपडण्याचा सल्लाही ऐकू येतो. निकोटीन हे जहाल विष आहे, ते ओल्या हातांच्या त्वचेतूनसुद्धा शरीरात शिरते. हा उपाय कोणी करू नये. गोठ्यात डासांसाठी सोडणांचा धूर करतात तसा राहत्या खोलीत करू नये, आणि काजूची टरफले तर घराजवळ कधीच जाळू नयेत. त्यांतल्या तेलाने कातडी भाजते हे काजू सोलणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्याचा धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना तसाच जाळतो.

अंगावर कोळी फिरल्याची समजूत

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा हातावर आगीसारखी जळजळ करणारा लाल पट्टा दिसला, त्यावर फोड आले, की रात्री कोळी फिरला किंवा मुतला असे म्हटले जाते, आणि त्या रागापोटी घरभर कोळी मारले जातात. पावसाळ्यात असे पुरळ बहुतेक वेळा एका लहान भुंगेऱ्यामुळे उठते. तो साधारण 7 ते 10 मिलिमीटर लांब, सडपातळ, काळ्या आणि नारिंगी पट्ट्यांचा असतो आणि दिव्याकडे आकर्षित होतो. तो चावत नाही. अंगावर बसल्यावर त्याला चिरडले की त्याच्या शरीरातला दाहक द्रव कातडीला लागतो, आणि एक-दोन दिवसांनी पुरळ दिसते. म्हणून असा किडा अंगावर दिसला तर फुंकरीने उडवावा, आणि चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी. तो हात डोळ्यांना लावू नये. ओटीवरचा दिवा पिवळा करण्याचे हेही एक कारण आहे.

शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येऊन आत ठणका लागत असेल तर ती नागीण असू शकते. तिथे लेप लावत दिवस घालवू नयेत. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, म्हणून लगेच डॉक्टरांकडे जावे.

घरातल्या नेहमीच्या कोळ्यांपासून माणसाला सहसा इजा होत नाही. न्हाणीघरातला मोठा कोळी बाहेर काढायचा असेल तर रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा त्याच्यावर अलगद पालथा घालावा, भिंत आणि डबा यांमध्ये जाड पुठ्ठा सरकवावा आणि पुठ्ठ्यासकट डबा परसात, घरापासून लांबच्या पोफळीखाली नेऊन उघडावा. घाई केली तर तो निसटतो, सावकाश केले तर क्वचितच. बागेत सोडलेला कोळी किडे खाऊन आपलेच काम करतो.

बंद घरांसाठी

आमच्या वाडीत निम्मी घरे वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात, आणि चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा पहिला दिवस जळमटे काढण्यातच जातो. त्यांच्यासाठी काही गोष्टी. निघण्याच्या आदल्या दिवशी झाडणी करावी, निघताना नव्हे, म्हणजे राहून गेलेल्या अंड्यांच्या थैल्या दुसऱ्या दिवशीच्या उजेडात दिसतात. स्वयंपाकघरात अन्नाचा कण आणि मोरीत ओल राहू देऊ नये, कारण झुरळे राहिली तर कोळीही राहतील. मोरीच्या जाळीवर एक उलटी वाटी ठेवावी. तेलाच्या करवंट्या मागे ठेवून जाऊ नयेत. आठवड्याभरात त्यांचा वास उडतो आणि उरलेल्या खोबरेल तेलाला मुंग्या लागतात. गाद्या गुंडाळून जुन्या चादरीत घट्ट बांधाव्यात आणि भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात. शेजारी किल्ली ठेवलेली असेल, तर महिन्यातून एकदा खिडक्या उघडून दोन तास वारा खेळू द्यावा आणि दारामागे टेकवून ठेवलेली काठी राहत्या खोल्यांच्या कोपऱ्यांतून एकदा फिरवावी, एवढे सांगून जावे. आणि त्या काठीला गुंडाळायचे फडके धुऊन, वाळवून तिच्यावरच बांधून ठेवावे.